शून्यानंतर लाभ

भाऊजी, कार्ड बसवलं. शून्य आता गळत नाही.

ही बातमी सगळ्यांत आधी तुम्हाला द्यावी असं वाटलं, आणि तसं वाटल्याबरोबर पुन्हा तुमचा राग आला. पेट्रोल पंपाच्या मशीनचं ते नवं इलेक्ट्रॉनिक कार्ड तुमच्या कपाटात, पाकीटसुद्धा न फोडता, वर्षभर पडून होतं. "कापसाचा सीझन होऊ द्या, सर," म्हणालात. कापसाचा झाला. मग तुरीचा, मग लग्नसराईचा. नागपूरच्या मेकॅनिकला मी बोलावून आणायचं आणि तुम्ही त्याला आलुबोंडे खाऊ घालून तसंच परत पाठवायचं, हे एकदा नाही, दोनदा झालं. तुमच्या तेरवीनंतर तो आला, झाकण उघडलं, जुनं कार्ड काढलं, नवं लावलं आणि चहा न घेता गेला. इतकं सोपं होतं ते.

लोक भेटायला येतात. माणूस दिलदार होता, शब्दाचा पक्का होता, असं सांगतात. मी मान हलवतो. पण भाऊजी, मी तुमचा साळा आहे. चाळीस वर्षं मी तुमच्यावर चिडत आलो. माणूस गेल्यावर दुःख कसं करायचं ते आपल्याकडे सगळे शिकवतात. चिडण्याची सवय कुठे नेऊन ठेवायची ते कोणी सांगत नाही.

आणि एक गोष्ट सांगतो, जी मी ताईला सांगितलेली नाही. तुमची बातमी आली तेव्हा मी आयटीआयमध्ये वर्गावर होतो. शिपायाने बाहेर बोलावून सांगितलं. माझ्या मनात पहिला विचार आला तो ताईचा नव्हता, तुमचाही नव्हता. पहिला विचार असा आला की आता कार्ड बसवता येईल. तो क्षणभरच टिकला. मग भिंत धरली. पण आला तो आला. रात्री पडल्या पडल्या मी स्वतःला विचारतो, हा कसला माणूस? आणि मग तुमचाच आवाज ऐकू येतो, "सर, बिघाड शोधून राह्यले का?"

कंपनीला ताईचं उत्तर हवं होतं. पंप तुमच्यामागे ती चालवणार, की सोडणार? मी तिला सोड म्हणत होतो. नालवाडीला आमच्याकडे ये, खोली रिकामी आहे, सिंदीत एकटी काय करशील. काल त्याचा निकाल लागला. पण क्रमाने सांगतो. मधलं गाळून सांगितलेलं तुम्हाला चालत नसे.

तुमचा पंप मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो हाताने चालायचा. उंच लोखंडी खांब, डोक्यावर काचेच्या दोन बरण्या, प्रत्येकी पाच लिटरची. पंपावरचा गडी नत्थू दांडा हलवायचा, एक बरणी भरायची, ती गाडीत रिकामी होईपर्यंत दुसरी भरायची. गिऱ्हाईक मान वर करून बघत बसायचं. आणि तुम्ही खुर्चीवरून ओरडायचात. पहिली बरणी उतरली की "लाभ!" दुसरीला "दोन!" तिसरीला "तीन!"

आमच्याही घरी खळ्यावर धान्य मोजताना पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नसे. लाभच म्हणायचे. एक म्हटलं की रास एकावरच अडते, असं आजोबा सांगायचे. पण तो धान्याचा रिवाज. पेट्रोलला लाभ म्हणणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. तुमचं आणि ताईचं लग्न नुकतं झालं होतं, मी नवा साळा, मला वाटलं गंमत करताय. मी हसलो.

"काऊन हसून राह्यले?" तुम्ही विचारलं.

"भाऊजी, पेट्रोलची काय रास लागते का?"

"जमिनीतूनच येते ना तेही? का तुमच्या रेडिओतून येते?"

रेडिओचं तुम्ही त्या दिवशी जे धरलं ते शेवटपर्यंत. कारण त्याआधीच तुमच्या लग्नातला रेडिओ मी उघडून ठेवला होता. आहेर म्हणून आलेला, कोरा. आत काय आहे ते मला बघायचं होतं. उघडला, आणि परत जमेना. पाहुण्यांनी भरलेलं घर, माझे वडील चप्पल शोधत होते, आणि तुम्ही, नवरदेव, सगळ्यांना म्हणालात की तो असाच आला, दुकानदारानं फसवलं. मग मला मागच्या अंगणात नेलं आणि म्हणालात, "उघडल्याबिगर काय समजते? पन बंद करता आलं पायजे." तो रेडिओ मी दोन दिवस खपून बंद केला. दोन स्क्रू उरले. वाजला मात्र. आज मी मुलांना रेडिओ-टीव्हीचा ट्रेड शिकवतो आणि त्यावर माझं घर चालतं, त्याचं मूळ त्या अंगणात आहे. हे मी तुम्हाला कधी म्हटलं नाही. कसं म्हणणार? एवढं बोलायला तोंड उघडलं की तुम्ही मध्येच असं काहीतरी बोलायचात की माझं डोकंच फिरायचं.

बरण्या गेल्या, विजेवरचा पंप आला, आकड्यांची चाकं फिरू लागली. तुमचं ओरडणं तसंच. पाच लिटर झाले की "लाभ", दहा झाले की "दोन". मग कंपनीने जिल्ह्यातल्या एका पंपावर इलेक्ट्रॉनिक मशीन लावायची म्हणून तुम्हाला विचारलं आणि तुम्ही मला विचारलं. आयुष्यात एकदाच तुम्ही माझा सल्ला घेतला आणि तो पाळला, आणि मला वाटतं तीच आपली दोघांची चूक झाली.

मशीन आली त्या दिवशी अर्धी सिंदी गोळा झाली होती. लाल उजेडाचे आकडे पाहायला बाया पोरांना कडेवर घेऊन आल्या होत्या. मी नवी पँट घालून आलो होतो. आत चाकं नाहीत, नुसतं कार्ड आहे, ते तेलाचा प्रवाह मोजतं, वगैरे मी समजावून सांगत होतो. देवरावजी पुढे आले, तुमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. ट्रॅक्टर घेण्याआधी विहिरीच्या इंजिनासाठी डबकीत डिझेल न्यायचे.

"अन् पान्यात काय होईन हिचं, सर? आपल्याकडं पानी कसं आडवं येते."

आणि मी म्हणालो. सगळ्यांसमोर, छाती काढून म्हणालो, "हिच्यात पाण्याचा थेंबसुद्धा जात नाही."

तुम्ही ऐकलंत. तुम्ही नेमकं तेवढंच ऐकलंत.

तो दसरा आठवला की अजूनही माझे कान गरम होतात. सकाळी मी आपट्याची पानं घेऊन आलो तर पंपावर गाड्यांची रांग, झेंडूच्या माळा, आणि तुम्ही मशीनचं झाकण चावीने उघडून पाटावर बसलेले. कार्डावर हळदीकुंकू. ओलं. वरून फुलाने नारळाचं पाणी शिंपडलेलं. आणि ट्रान्सफॉर्मरवर एक पेढा.

"भाऊजी! हे काय केलं?"

"पूजा."

"अहो, झाकणावर करायची ना! बाहेरून!"

तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत जसं मीच काही अडाण्यासारखं बोललो. "पोळ्याले बैलाले पुरनपोळी कुठं देता, सर? पाठीवर ठेवता का तोंडात देता?"

मागे उभ्या असलेल्या जीपवाल्याने "वा!" म्हटलं. लोक हसले. तेवढ्यात आकडे एकदम सगळे पेटले, आठ आठ आठ आठ, आणि विझले.

दसऱ्याचा दिवस. गावातली प्रत्येक गाडी पंपावर. आणि मशीन काळी ठिक्कर. मी डोक्याला हात लावला, आणि तुम्ही, ज्यांनी हे केलं ते तुम्ही, भरल्या पंपावर माझ्याकडे बोट दाखवून म्हणालात, "तुमीच म्हनलं होतं ना, पानी जात नाई?"

बस. हे वाक्य. यानंतर जे जे काही झालं त्या प्रत्येक वेळी हेच वाक्य. मी म्हणायचो, ते पावसाबद्दल होतं. झाकण बंद असताना. वरून. तुम्ही म्हणायचात, "तुमी झाकनाचं बोलले नाई." मी म्हणायचो, जगातल्या कुठल्या माणसाला हे सांगावं लागतं? तुम्ही म्हणायचात, "मले लागते." ताई भाकरी थापता थापता म्हणायची, "झालं का तुमचं भजन सुरू?" दिवाळीला हेच, ताईच्या भाऊबिजेला हेच. माझ्या मुलीच्या लग्नात, मांडवात, व्याह्यांसमोर तुम्ही मला म्हणालात, "आचाऱ्याले विचारून घेजा, याच्यात पानी जाते का नाई."

नागपूरचा मेकॅनिक आला तेव्हा पेढ्याला मुंग्या लागल्या होत्या. मुंग्यांची ओळ कार्डावरून सरळ. त्याने विचारलं, "ये क्या है?" तुम्ही शांतपणे सांगितलंत, "नैवेद्य." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं.

त्याने मशीन चालू करून दिली, पण एक काडी मेली. समोरच्या बाजूच्या आकड्यात प्रत्येक अंक सात काड्यांचा बनतो. लिटरच्या शेवटच्या अंकाची डावीकडची खालची काडी पेटेना. सहाचा पाच दिसू लागला, आठाचा नऊ. आणि शून्याला खाली भगदाड पडलं. तुम्ही ते दहा पावलांवरून निरखून पाहिलंत आणि म्हणालात, "सर, तुमचं शून्य गळून राह्यलं."

मग तर काय, तुम्हाला ओरडायला कारणच मिळालं. मशीनवर माणसाचा विश्वास नाही म्हणून मोजतो म्हणायचात. मी म्हटलं, विश्वास नाही तर तो तुमच्यामुळे नाही. आणि मोजायचंच असेल तर निदान लिटरप्रमाणे मोजा! बरण्या जाऊन किती काळ लोटला. पाच लिटरचा एक कशाला धरून बसलात? एकदा नागपूरचा एक फियाटवाला आला. आकडा वीस, आणि तुम्ही ओरडलात, "चार!" तो गाडीतून खाली उतरला.

"वीस झाले ना? चार काय म्हणता?"

"चारच झाले."

"मग पैसे चारचे घ्या."

"पैसे विसाचे. मोजनं चारचं. काऊन, तुमच्या नागपूरले दोन गोष्टी एका वेळी होत नाई का?"

मी तेव्हा आतल्या खोलीत होतो. बाहेर येऊन त्या गृहस्थांची माफी मागितली आणि संबंध गोष्ट समजावून सांगितली, बरण्यांपासून. ते हसायला लागले. पुढे ते येता-जाता मुद्दाम तुमच्याकडेच थांबत. माझं समजावणं त्यांनी ऐकलं, पण येत होते ते तुमचं ओरडणं ऐकायला. हाच अन्याय मला तुमच्याबरोबर जन्मभर सोसावा लागला.

आपलं शेवटचं बोलणंही तेच. तुम्ही दुपारी नालवाडीला आला होतात, ताईने दिलेली लोणच्याची बरणी घेऊन. मी कार्डाचं विचारलं. तुम्ही चपला घालत म्हणालात, "बसवू ना. तुमी एक डाव कबूल करा, मंग बसवू."

"काय कबूल करू?"

"का पानी जाते म्हून."

मी म्हटलं, "मेलो तरी करणार नाही."

तुम्ही हसलात. "बरं. येतो." आणि गेलात. आता पाहा, मेलं कोण.

तर कालची गोष्ट. कंपनीचा माणूस दुपारी येणार होता. मी सकाळीच सिंदीला पोचलो. ताई आत बसली होती, पंपाच्या मागच्या खोलीत, जिथून तुम्ही गेल्यापासून ती बाहेर पडलेली नव्हती. तुम्हाला माहीत आहे ती कशी. इतकी वर्षं तिने पंपावर चहा पाठवला, पण स्वतः कधी गिऱ्हाइकासमोर आली नाही. मी तिला पुन्हा सांगितलं, "ताई, सोडून दे. आता मशीन ठीक आहे, दुसरं कोणी घेईल. तुझ्याच्यानं हे लोक सांभाळणं व्हायचं नाही."

"हो," ती म्हणाली. "मले कुठं येते बोलता."

मला सुटल्यासारखं वाटलं. आणि त्याचीही लगेच लाज वाटली. तुमची खुर्ची बाहेर तशीच होती. नत्थू तिच्यावर कोणाला बसू देत नव्हता.

तेवढ्यात देवरावजींचा ट्रॅक्टर आला. नत्थूने नोझल लावलं. मी पुढे झालो, कारण ते नवं कार्ड आपल्या माणसाला दाखवायची मला हौस होती. "देवरावजी, शून्य पाहून घ्या. अखंड आहे." त्यांनी पाहिलं. "हाव," म्हणाले. नत्थूने दाबलं. आकडे धावू लागले, स्वच्छ, लालबुंद, एकही काडी मेलेली नाही. सहाचा सहा, आठाचा आठ. पाच गेले. दहा गेले. देवरावजी मशीनकडे बघत नव्हते. खुर्चीकडे बघत होते.

"थांब रे, नत्थू."

नत्थू थांबला.

"काय झालं?" मी विचारलं.

"मोजलं कोनं?"

"हे काय, समोर आकडा आहे ना. तेरा."

"तो दिसून राह्यला मले, सर. डोये हायेत मले. मोजलं कोनं, म्हनतो मी."

भाऊजी, मी आयटीआयचा निदेशक. या प्रश्नाचं उत्तर मला देता यायला हवं होतं. मशीननं मोजलं, असं सोपं उत्तर आहे. पण ते द्यायच्या आधीच मला एकदम तुमचा राग आला, की या माणसाला तुम्ही ही सवय लावून ठेवलीत आणि निघून गेलात. आता मी काय करू? मी ओरडू? मला ते "लाभ" तुमच्यासारखं म्हणता येत नाही. मी घरी एकदा दार लावून म्हणून पाहिलं आहे. हेही आजच सांगतो.

मागे दार वाजलं. ताई आली होती. डोक्यावरचा पदर सारखा केला, खुर्चीला हात लावला, पण बसली नाही. तिने देवरावजींकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. नत्थूला म्हणाली, "चालू कर."

आकडा तेरावरून पुढे सरकला, आणि ती म्हणाली, "लाभ."

ओरडली नाही. पण रस्त्यापर्यंत ऐकू गेलं.

मला राहवलं नाही. तुमच्या घरात मला कधीच राहवलं नाही. मी म्हणालो, "ताई, तेरा होऊन गेले."

"होऊ दे, बाबू," ती म्हणाली. "माहं आता सुरू झालं."

देवरावजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "दोन," ताई म्हणाली. आकडा काय होता ते मी पाहिलं नाही. मी मशीनच्या मागे गेलो आणि तिथे उभा राहिलो, नवं कार्ड तपासतो आहे असं दाखवत. तेरवीपर्यंत जे डोळ्यांतून आलं नव्हतं ते तिथे आलं.

दुपारी कंपनीचा माणूस आला. त्याने तिला विचारलं, चालवणार का? ती म्हणाली, "चालूच आहे ना." त्याने माझ्याकडे पाहिलं. मी रस्त्याकडे पाहिलं.

म्हणजे पंप राहिला. ओरडणं राहिलं. पाचाचा एक राहिला. काड्या सगळ्या पेटतात आणि त्यांच्याकडे कोणी बघत नाही. भाऊजी, तुम्ही नसताना तुमच्याशी हरण्याची मला सवय नाही, पण लागेल.

संध्याकाळी मी निघालो तेव्हा मशीनच्या झाकणाची चावी माझ्या खिशात होती. तेरवीच्या दिवशीच मी ती तुमच्या खुंटीवरून काढून घेतली होती. विचारून नाही. ताई फाटकापर्यंत आली आणि हात पुढे केला.

"चावी देजो, बाबू."

"कशाला?"

"दसऱ्याले लागन."

तिने हात मागे घेतला नाही. झाकणाबद्दल, कार्डाबद्दल, मुंग्यांबद्दल किती बोलता आलं असतं. ते सगळं मी तुमच्याशी आधीच बोलून संपवलं आहे, आणि त्याचा काही उपयोग झालेला नाही. मी चावी काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

"ताई," मी म्हणालो, "हिच्यात पाणी जातं."

ती म्हणाली, "मले म्हाईत हाये. त्याईलेही म्हाईत होतं."